बोल्ट वरून चकचकीत, आतून खलास: होडीच्या जोडसामानाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रे होडीच्या लहानसहान जोडसामानाबद्दल आहेत. सुकाणूच्या बिजागऱ्या, दोर बांधायचे खुंट, कड्या, पट्ट्या, तळातले कॉक (पाणी घेण्याचे नळ). या वस्तू गावातल्या वेल्डरकडून, सुताराकडून किंवा घरीच बनवून घेतल्या जातात, आणि होडी जुनी व्हायच्या आधी त्याच दगा देतात. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न: माझी बावीस फुटी सागवानी होडी आहे. सुकाणूच्या बिजागऱ्या पाण्याखाली ८ मिलिमीटरच्या स्टेनलेस बोल्टांनी बसवल्या होत्या. चार वर्षांनी बोल्ट काढले तर डोकं आणि नट नव्यासारखे, पण लाकडातला भाग उंदराने कुरतडल्यासारखा. एक बोल्ट तर मधोमध काडीएवढा उरला होता. दुकानदार शपथेवर सांगतो की माल ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचाच होता. मग असं का झालं? (मालवण)

उत्तर: दुकानदार खरे बोलत असला तरी असेच झाले असते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ओरखडा पडला की हवेतला किंवा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा भरून येतो. म्हणजे स्टेनलेसला सतत ऑक्सिजन मिळत राहावा लागतो. ओल्या लाकडाच्या भोकात खारे पाणी शिरते आणि तिथेच कोंडून राहते. त्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठत जाते, पाणी आम्लधर्मी होते, आणि एकदा फाटलेला थर पुन्हा सांधत नाही. बाहेरच्या डोक्याला मात्र वाहते पाणी मिळते, म्हणून ते चमकत राहते. वायसरखाली, रबरी पॅकिंगखाली, अर्धवट वेल्ड केलेल्या सांध्यात, अगदी दोराच्या घट्ट वेढ्याखालीही हेच घडते.

३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल थोडे जास्त आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. या मॉलिब्डेनममुळे क्लोराइडला विरोध वाढतो, पण कोंडलेल्या पाण्यात तो फक्त वेळ वाढवून देतो. त्यामुळे आमचे मत स्पष्ट आहे: लाकडी होडीत पाण्याच्या रेषेखाली, लाकडाच्या आरपार जाणारा बोल्ट स्टेनलेसचा घालू नये. रेषेच्या वर, उघड्या हवेत, ३१६ उत्तम.

आता 'माल ३१६ चाच' याबद्दल. बाजारात २०२ ग्रेडचे स्टेनलेस भरपूर आहे. त्यात महाग निकेलच्या जागी बरेचसे मँगनीज घातलेले असते. गॅलरीच्या कठड्याला ते चालते, समुद्रावर एका पावसाळ्यात त्यावर तपकिरी डाग येतात. चुंबक लावून ओळख पटत नाही. २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्हींना चुंबक मुळात चिकटत नाही, आणि थंड अवस्थेत वाकवलेल्या किंवा घडवलेल्या चांगल्या मालालाही तो थोडासा ओढतो. बोल्टाच्या डोक्यावरचा शिक्का पाहा. रोमन लिपीत 'ए' आणि पुढे २ असेल तर ३०४ च्या वर्गातला, 'ए' आणि ४ असेल तर ३१६ च्या वर्गातला. शेजारी ७० किंवा ८० हा आकडा ताकदीचा असतो. शिक्काच नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. पट्टी किंवा सळई विकत घेताना मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावाचे थेंब टाकून खात्री करता येते, भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे ते असतात.

तुमच्या सुकाणूसाठी बिजागऱ्या गनमेटलच्या ओतून घ्या आणि बोल्ट सिलिकॉन ब्राँझचे (हाही तांब्याचाच मिश्रधातू) लावा. गनमेटल ओतणाऱ्याला ८५-५-५-५ असे सांगितले की तो समजतो: तांबे ८५, कथील, शिसे आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. सिलिकॉन ब्राँझ मिळाले नाही, तर बिजागरी आणि बोल्ट दोन्ही लोखंडाचे, भट्टीत जस्तात बुडवलेले घ्या. जुनी गलबते अशाच लोखंडावर चालली. गनमेटलच्या बिजागरीला जस्ताच्या मुलाम्याचा बोल्ट मात्र चालणार नाही, आधी जस्त आणि मग लोखंड भराभर जाईल. बिजागरी आणि तिचा बोल्ट एकाच घराण्यातले असावेत.

भोक असे करा. जुने भोक गोड्या पाण्याने धुऊन लाकूड पूर्ण वाळू द्या, त्याला एप्रिल-मेमधले तीन-चार आठवडे लागतात. ८ च्या बोल्टासाठी १२ मिलिमीटरचे भोक पाडा. सागात तेल असते, म्हणून आतून अॅसिटोनचा बोळा फिरवा आणि अर्ध्या तासात पुढचे काम करा, नाहीतर तेल पुन्हा वर येते. पातळ इपॉक्सी ब्रशने आत लावा, वीस मिनिटे मुरू द्या. मग त्याच इपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पांढरी पूड) घालून श्रीखंडाएवढे घट्ट करा आणि एका बाजूला चिकटपट्टी लावून भोक तळापासून भरत या. वरून ओतले तर मध्ये हवा अडकते. दोन दिवसांनी मधोमध ८ चे भोक पाडा. आता बोल्टाभोवती लाकूड नाही, २ मिलिमीटर जाडीची इपॉक्सीची नळी आहे. पाणी शिरले तरी लाकूड भिजत नाही. बोल्ट बसवताना त्याच्या अंगाला आणि वायसरखाली पॉलिसल्फाइड सीलंट लावा.

पावसाळ्यात होडी शाकारण्यापूर्वी दर वर्षी एक बोल्ट काढून पाहा, दर वर्षी वेगळा. डोक्याकडे पाहून बोल्टाची तब्येत कळत नाही.

प्रश्न: 'जस्ताचे बोल्ट' म्हणून आणलेले एका हंगामात तांबडे झाले. शेजाऱ्याच्या होडीवरचे सात-आठ वर्षं टिकलेत. दोन्ही जस्ताचेच, मग फरक कशाचा? नाळेवरची नांगराच्या दोराची कडी आणि पट्टी गावातच वेल्ड करून घ्यायची आहे, ती कशी करावी? (रत्नागिरी)

उत्तर: फरक थराच्या जाडीचा. चकचकीत, निळसर किंवा पिवळसर झाक असलेले बोल्ट विजेच्या साहाय्याने मुलामा दिलेले असतात. त्यांच्यावरचा जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेली वस्तू राखाडी, थोडी खडबडीत दिसते. ६ मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडावर तिचा थर ८५ मायक्रॉनच्या आसपास असतो, बोल्टांवर थोडा कमी. खाऱ्या हवेत वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जस्त झिजते. भागाकार केला की तुमचे आणि शेजाऱ्याचे बोल्ट दोन्ही समजतात.

कडी-पट्टीचे काम या क्रमाने करा: कापणे, वाकवणे, भोके पाडणे, वेल्डिंग, कडा गोल करणे, आणि सगळे संपल्यावर गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणे. नंतर एकही भोक पाडायचे नाही. पट्टी किमान ६ मिलिमीटर, कडीची सळई १२ मिलिमीटर. वेल्ड सगळ्या बाजूंनी बंद हवे. ठिपके मारून सोडले तर बुडवण्याआधी माल ज्या आम्लात धुतात ते फटीत शिरते आणि जस्ताखालून पुढे महिनोन्महिने पाझरत राहते. वेल्डवरचा काचेसारखा मळ छिन्नीने पूर्ण काढा, त्यावर जस्त धरत नाही. तेलरंगाने केलेल्या खुणा आणि स्टिकरही काढा.

पोकळ पाइप वापरणार असाल तर दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या बाजूंना, किमान १० मिलिमीटरची भोके ठेवलीच पाहिजेत. बंद पाइपात पाण्याचा अंश राहिला तर वितळलेल्या जस्तात तो फुटतो आणि भट्टीवरच्या कामगाराच्या जिवावर बेतते. चांगला कारखाना असा माल परत पाठवतो. दहा-बारा वस्तू असतील तर गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एकदम पाठवाव्यात, कारण हे कारखाने वजनावर दर लावतात आणि एका कडीसाठी कोणी भट्टी देत नाही.

बोल्ट आणि नट एकाच ठिकाणचे जोडीने घ्या. भट्टीतल्या जस्ताने आटे जाड होतात, म्हणून त्यांच्या नटाचे आटे मुद्दाम मोठे कापलेले असतात. साधा नट जात नाही म्हणून बोल्टावर डाय (आटे कापायचे हत्यार) फिरवला तर विकत घेतलेले जस्त तुम्हीच तासून टाकता. गॅल्व्हनाइझ वस्तूवर पुन्हा वेल्डिंगची वेळ आलीच तर सांध्याभोवतीचे जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करा. जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडीताप भरतो.

प्रश्न: तळातून पाणी घेण्यासाठी नळाच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह लावला आहे. दोन वर्षं झाली, गळत नाही. ठेवू का? (हर्णे)

उत्तर: ठेवू नका. होडी पाण्याबाहेर येताच बदला.

घरगुती नळाच्या पितळेत जस्त ३५ ते ४० टक्के असते. १५ टक्क्यांच्या वर जस्त असले की समुद्राच्या पाण्यात ते पितळेतून विरघळून निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. वस्तूचा आकार जसाच्या तसा, आटेही दिसतात, पण ताकद बिस्किटाएवढी. ती गळून सूचना देत नाही, पाय लागला की मोडते. आणि मोडते तिथे पाऊण इंची भोक असते: अर्धा मीटर खोलीवर त्यातून मिनिटाला ५० लिटरच्या आसपास पाणी आत येते.

चाकूने किंवा कानशीने एका कडेला खरवडून पाहा. आत सोनेरी पिवळा रंग असेल तर अजून धातू शिल्लक आहे. गुलाबी, विटकरी रंग दिसला तर जस्त गेलेले आहे. पकडीने हळू पिरगळले तर कडेचा तुकडा हातात येतो. स्क्रूच्या डोक्यांवरही हीच परीक्षा करता येते.

बदली म्हणून गनमेटल, ब्राँझ किंवा होडीसाठीच बनवलेला काचतंतुमिश्रित नायलॉनचा कॉक घ्या. पांढरा पीव्हीसीचा नळ तळात लावू नका, जाळ्याचे वजन किंवा नांगर आदळला तर तो चिरतो. नळीला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या उलट दिशेला. क्लिपेचा पट्टा आणि स्क्रू दोन्ही ३१६ चे हवेत. पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू मुलाम्याचा असतो, आणि आधी तोच जातो. प्रत्येक कॉकशेजारी त्या भोकाच्या मापाचा, मऊ लाकडाचा निमुळता गुल्ला दोरीने बांधून ठेवा.

प्रश्न: आऊटबोर्ड इंजिनासाठी जाड अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट करून घेतला. स्टेनलेस बोल्टांभोवती पांढरी पूड येते, रंग फुगतो. बोल्ट तर ३१६ चे आहेत. चूक कुठली? (अलिबाग)

उत्तर: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघेही खाऱ्या पाण्यात असले की बॅटरी तयार होते. त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर शाबूत राहतो. समुद्राच्या पाण्यातला क्रम, आधी झिजणाऱ्यापासून, ढोबळ असा: मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम, साधे लोखंड, पितळ, तांबे, ब्राँझ, आणि शेवटी स्टेनलेस. तुमची जोडी या रांगेत चांगलीच लांब आहे, म्हणून अॅल्युमिनियमची पूड होते.

किती वेगाने झिजेल हे क्षेत्रफळावर ठरते. मोठ्या अॅल्युमिनियमच्या प्लेटला लहान स्टेनलेस बोल्ट हे सोसण्यासारखे आहे, झीज मोठ्या भागावर वाटली जाते. उलटे, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्याला अॅल्युमिनियमचे रिव्हेट, हे कधीही करू नये. सगळी झीज त्या चिमुकल्या रिव्हेटवर येते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटच्या (शिडाच्या युद्धनौकेच्या) तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते, पण काही खिळ्यांच्या डोक्याखाली पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता आणि ते धड होते. तुमच्या ब्रॅकेटला हवा आहे तो हाच कागद, आजच्या सामानातला.

बोल्ट काढून पांढरी पूड नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा लोखंडी ब्रश नको, त्याचे कण रुततात आणि स्वतः गंजतात. गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. १० च्या बोल्टासाठी ब्रॅकेटमधले भोक १२ करा आणि त्यात १२ बाहेर, १० आत अशा मापाची अॅसिटल किंवा नायलॉनची बुश बसवा. डोक्याखाली आणि नटाखाली प्लास्टिकचे वायसर, त्यावर रुंद स्टेनलेस वायसर. प्लास्टिकचे वायसर स्टीलच्या वायसरपेक्षा थोडे मोठे असू द्या, नाहीतर कडेला थेंब दोघांना जोडतो. आट्यांना लॅनोलिनचे ग्रीस लावा. ग्रॅफाइट किंवा तांब्याची पूड असलेले ग्रीस अॅल्युमिनियमजवळ नको, ते स्वतःच त्या रांगेत बोल्टाच्या बाजूला उभे राहते. मल्टिमीटरने बोल्ट आणि ब्रॅकेट यांत जोडणी नाही हे तपासा. बझर वाजला तर कुठेतरी टेकते आहे.

रंगाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पुष्कळांना वाटते की झिजणारा धातू रंगवावा. फक्त अॅल्युमिनियम रंगवले आणि रंगाला एक टोचा पडला तर सगळी झीज त्या टोच्यावर येते आणि आरपार भोक पडते. रंगवायचे तर दोन्ही रंगवा. एकच रंगवता येत असेल तर स्टेनलेस रंगवा.

ब्रॅकेटची प्लेट कोणती होती हेही विचारून घ्या. ५०८३ किंवा ५०५२ ग्रेडच्या प्लेटा समुद्रासाठी चांगल्या, ६०६१ चालते. भंगारातली भांडी आणि इंजिनाचे भाग वितळवून ओतलेल्या अॅल्युमिनियममध्ये तांब्याचा अंश असतो आणि ते आतून खड्डे पडत जाते. आणि तांबेयुक्त शेवाळरोधक रंग अॅल्युमिनियमवर कधीही लावायचा नाही.

प्रश्न: फायबरच्या होडीवर दोर बांधायचा क्लीट चार स्क्रूंनी बसवला. ओढ बसली तशी भोकं मोठी झाली, आता पाणी आत येतं. सिलिकॉन भरला, तरी येतं. (वेंगुर्ले)

उत्तर: आधी सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण तो राहिला तिथे पुढे काहीही चिकटणार नाही, रंगही नाही. स्क्रू फायबरमध्ये ओढ सहन करत नाही. क्लीट आरपार बोल्टनेच बसवायचा आणि खाली आधाराची प्लेट द्यायची. प्लेट क्लीटच्या बैठकीपेक्षा चोहोबाजूंनी २५ मिलिमीटर मोठी, १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची (आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या) किंवा ६ मिलिमीटरच्या फायबर पत्र्याची. प्लायच्या कडांना आणि भोकांना इपॉक्सीचे तीन हात. प्लाय वरून कुजत नाही, कडेने कुजते.

जुनी भोके भरताना पॉलिएस्टर रेझिन शंभर ग्रॅमला हार्डनर १ ते २ ग्रॅम. एक सूचना जिवाची आहे: पॉलिएस्टर रेझिनचा कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि हार्डनर (एमईकेपी) कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

नवे भोक पाडल्यावर वरच्या कडेला काउंटरसिंकने २ मिलिमीटरचा उतार काढा. यामुळे जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) तडकत नाही आणि सीलंटचे एक कडे बोल्टाभोवती तयार होते. गळती थांबवते ते हे कडे. क्लीटखालचा पातळ थर बहुतेक दाबून बाहेर जातो. ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड लावा, नट सीलंट जरा बाहेर येईपर्यंतच आवळा, दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण फेरा अजून. आवळताना वरचे डोके स्थिर धरून खालचा नट फिरवा, डोके फिरवले तर ते कडे तुटते. ब्यूटिल असेल तर तीन-चार दिवस रोज थोडे आवळावे लागते. तुमची पाण्याची गळती बहुधा इतक्यात थांबेल. स्टेनलेस नट कोरडा आणि घाईने आवळू नका, आटे एकमेकांत जळून बसतात आणि बोल्ट कापावाच लागतो. बोटाने ग्रीस लावून हाताच्या पान्याने, सावकाश.

क्लीटचे माप विचारलेले नाही, पण बहुतेक होड्यांवर ते लहान पडलेले दिसते. १० मिलिमीटरच्या दोराला १६० मिलिमीटर, १२ च्या दोराला सुमारे २०० मिलिमीटर लांबी हवी.

प्रश्न: वल्ह्यांच्या खुंट्या आणि दोराचे खुंट लाकडाचेच करायचे आहेत. साग महाग झाला. ऐन, बाभूळ, फणस यांतलं काय घ्यावं? आणि डिंबेल लावावं की इपॉक्सी? (देवगड)

उत्तर: खुंट्यांना सागापेक्षा बाभूळ किंवा खैर बरा. साग टिकाऊ आहे, पण घासले जाण्याला आणि चिरडण्याला तो मऊ पडतो. बाभळीची नैसर्गिक वाकलेली फांदी मिळाली तर कोपऱ्याच्या आधारासाठी तिच्यासारखे काही नाही, कारण रेषा वाकणाबरोबर वळलेली असते. सरळ फळीतून तोच वाकडा तुकडा कापला तर आखूड रेषेवर तो तुटतो. क्लीट करताना रेषा लांबीच्या दिशेनेच हवी. ऐन जड आणि मजबूत, पण वाळताना तडकतो. सालीकडचा पांढरा भाग कुठल्याही झाडाचा टाकून द्या. फणस खुंटीला मऊ, फळीला चांगला.

ऐन, बाभूळ आणि खैर यांच्यात टॅनिन आहे. ऐन तर हिरड्याच्याच कुळातला. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते, तेच काम ओल्या ऐनात ठोकलेला लोखंडी खिळा करतो: भोवती काळे पडते, खिळा सैल होतो. या लाकडांना तांब्याचे रिव्हेट किंवा लाकडाचीच पाचर वापरा. साग या बाबतीत लोखंडाला सांभाळून घेतो. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभे आहे.

डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचे तेल, लाकडात मुरते, किडीला आणि कुजण्याला रोखते, आणि पुढच्या वर्षी न खरवडता पुन्हा लावता येते. सतत घासल्या जाणाऱ्या खुंटीला हेच योग्य. लाकूड पूर्ण वाळलेले हवे, तेल पातळ हातांनी तीनदा, प्रत्येक हातानंतर उरलेले पुसून दोन-तीन दिवस उन्हात. जाड थर चिकट राहतो. कच्च्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. आधीच खोबरेल चोळून घेतले तर सुटलेला थेंब पुसून काढणे सोपे जाते. तेल पाजलेल्या लाकडाला नंतर इपॉक्सी धरणार नाही, तेव्हा निवड आधी करा. इपॉक्सी बंद, न घासल्या जाणाऱ्या भागाला चांगले, पण उन्हात ते पिवळे पडून भुगा होते. वरून रंग किंवा अतिनील किरण रोखणारे व्हार्निश हवेच. एका कोपऱ्यात इपॉक्सी फुटली तर आत गेलेले पाणी बाहेर येत नाही आणि लाकूड बंद डब्यात कुजते. पावसाळी हवेत लावलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो. तो पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय दुसरा हात लावू नका. कागदाने नुसते घासले तर तो पसरतो.

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या कापायच्या पाट्यापासून कप्प्या आणि घर्षणाच्या पट्ट्या करता येतील का? (ठाणे)

उत्तर: येतील. तो पाटा बहुधा एचडीपीईचा असतो. पाणी पीत नाही, लाकडाच्या हत्यारांनी कापला जातो. कुठल्याही गोंदाने चिकटत नाही, म्हणून बोल्ट लावा आणि भोके बोल्टापेक्षा १ मिलिमीटर मोठी ठेवा, कारण उन्हात तो चांगलाच पसरतो. पांढरा उन्हाने काही वर्षांत ठिसूळ होतो, काळा जास्त टिकतो. नायलॉन कप्पीच्या बुशसाठी घेणार असाल तर लक्षात ठेवा: ते पाणी पिऊन फुगते. कोरडे असताना चपखल बसलेली बुश आठवड्यात जाम होते. २० च्या दांड्यावर अर्धा मिलिमीटर मोकळीक द्या, किंवा अॅसिटल वापरा.

प्रश्न: आमची शिडाची छोटी होडी खडकवासल्याला असते. आम्हालाही ३१६ आणि गनमेटल लागेल का? (पुणे)

उत्तर: नाही. गोड्या पाण्यात ३०४ पुरते, चांगले पितळही बरीच वर्षे टिकते. बाकीचा धातू वाचावा म्हणून तळाला स्वतः झिजणारे जस्त लावले असेल तर ते गोड्या पाण्यात जवळजवळ काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लागते. होडी कधी समुद्रावर नेलीत तर मॅग्नेशियम आधी काढा, खाऱ्या पाण्यात ते काही आठवड्यांत संपते.

प्रश्न: तळाला लावलेलं जस्त तीन वर्षांत जराही झिजलं नाही. चांगल्या प्रतीचं म्हणावं का? (मुरुड)

उत्तर: ते कामच करत नाही. बहुधा तळाला रंग देताना त्यावरही रंग बसला आहे, किंवा बोल्टाखाली रंगाचा थर असल्याने धातूला धातू टेकत नाही. खरवडून उघडे करा, बैठक चकचकीत घासा, आणि मल्टिमीटरने जस्त आणि ज्या भागाला वाचवायचे तो भाग यांतला रोध मोजा. तो एक ओहमपेक्षा बराच कमी आला पाहिजे. जस्त निम्मे झिजले की बदलायचे. खाडीच्या तोंडाशी, निमखाऱ्या पाण्यात होडी जास्त असेल तर जस्तावर कठीण कवच येऊन ते थंडावते. तिथे अॅनोडसाठीच, म्हणजे असे झिजण्यासाठीच, बनवलेले अॅल्युमिनियम बरे.

प्रश्न: ३०४ ची कठड्याची पाइप वेल्ड करून घेतली. वेल्डजवळ तपकिरी डाग आलेत. पॉलिश केलं तरी पुन्हा येतात. (श्रीवर्धन)

उत्तर: दोन कारणे असू शकतात. वेल्डच्या उष्णतेने निळा-तपकिरी पट्टा येतो, तिथले क्रोमियम कमी झालेले असते. आणि दुसरे, वेल्डरने लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग चकती किंवा ब्रश स्टेनलेसवर फिरवला की लोखंडाचे कण रुततात. नवी चकती आणि स्टेनलेसचा वेगळा ब्रश घ्या, निळा पट्टा पूर्ण घासून काढा. मग १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (किराणा दुकानातले लिंबाचे फूल) विरघळवून ते हाताला चटका बसेल इतके, सुमारे ६० अंश गरम करा. त्यात भिजवलेले फडके अर्धा तास डागावर गुंडाळून ठेवा, सुकू लागले की पुन्हा भिजवा, शेवटी भरपूर गोड्या पाण्याने धुवा. फरशीचे अॅसिड वापरू नका, त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेसला खड्डे पाडते. पुढच्या वेळी ३१६एल (कमी कार्बनचे ३१६) ची पाइप आणि ३१६एल चीच वेल्डिंग सळई मागा. ओरखड्यांत मीठ बसते, म्हणून शेवटचे पॉलिश जितके गुळगुळीत तितके डाग कमी. आणि फेरीवरून आल्यावर कठड्यावर दोन बादल्या गोडे पाणी ओता.